गरीब दिसायची तालीम

काजवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि का जाऊ नये?

"उद्या मदत देणाऱ्या संस्थेचे पाहुणे येतील तेव्हा अनवाणी ये," बचत गटाच्या अध्यक्षबाई सांगत होत्या. "कानातलं काढून ठेव. आणि घर म्हणून तो शेळ्यांचा गोठा दाखव. विटांची खोली बघून कोण म्हणेल तुला गरीब?"

आता या बाई म्हणजे कापड दुकानदाराची बायको. दारात गाडी, आणि गट म्हणे गरजू बायकांचा! गटात शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवायचे. त्यांची काजं हिच्याकडे, सगळी हाताने करायची, म्हणून हिचं नावच काजवाली पडलं. नवरा गेला तेव्हा लेक पाळण्यात होती. वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहून आणि काजं करकरून तिने ती खोली उभी केली. आता मात्र डोळे अधू झाले, सुईत दोरा चटकन ओवला जाईना. पाहुणे सगळ्यात गरीब बाईला काजाचं मशीन देणार होते. ते मिळालं नाही तर काम सुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आई, एका दिवसाचं नाटक गं. तुझं काय जातंय?" लेक म्हणाली.

"माझं काय जातंय? शेळ्यांच्या लेंड्यांत उभी राहून तूच बघ एकदा!"

तरी गेली बिचारी. कानातलं काढलं, चपला काढल्या, गोठ्यापुढे उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, "मावशी, चेहरा जरा पाडा." तो आधीच पडला होता.

"अरेरे," एक पाहुणी हळहळली. "आणि ही शेजारची छान खोली कोणाची?"

"गटाची हो! मीटिंगसाठी आम्हीच बांधली," अध्यक्षबाईंनी बेधडक ठोकून दिलं.

झालं! काजवालीचं डोकं फिरलं.

"कुणी बांधली? तुम्ही? जन्मात एक वीट तरी उचललीत का?" तिने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. "या, बसा. हे माझं घर. तो गोठा शेळ्यांचा. मी फार गरीब होते, आता थोडी कमी आहे. त्याचं वाईट वाटत असेल तर मशीन घेऊन जा."

मशीन अध्यक्षबाईंच्या जावेला मिळालं.  

दोन दिवसांनी त्याच अध्यक्षबाई शर्टांचा गठ्ठा घेऊन दारात हजर. "झालं गेलं सोड गं. मशीन अजून खोक्यातच आहे, आणि शाळावाले घाई करताहेत. तेवढी काजं करून दे."

"गरिबाघरी मशीन दिलंत ना? मग हेही तिकडेच न्या," काजवाली म्हणाली आणि तोंडावर दार लावलं.

लेकीने कपाळाला हात लावला. "आई, आता खायचं काय?"

"बघू," ती म्हणाली. आणि काढून ठेवलेलं कानातलं तिने पुन्हा कानात घातलं.