जुलैचा अंदाज

माझा हात लवकर उठतो असं घरचे म्हणतात. खोटं नाही. पण एकदा उठला, त्याची लाज अजून गेलेली नाही.

दोन हजार आठ-नऊ साल असेल. अंबडला पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नियोजन बघायचो. मालकांनी नवा सर्व्हर आणून माझ्या केबिनमध्ये ठेवला. पेटी एकच, पण आत चार कॉम्प्युटर असल्यासारखी चालायची. प्रत्येकात आमच्या कारखान्याची एकेक नक्कल. एकीत माणसं वाढवून बघायची, दुसरीत काढून. बिघडली तर पुसून टाकायची. मागच्या पाच वर्षांचे आकडे मीच भरले. चारही नकला एकच सांगत होत्या, जुलैत काम निम्म्यावर येणार. मालकांनी जूनमध्येच सुरगाण्याकडच्या कंत्राटी माणसांना कायमचं घरी बसवलं.

त्यांतला एक, पत्रा दाबायची प्रेस चालवणारा, थेट माझ्या केबिनमध्ये आला. "साहेब, काम कमी नाय होत. आमी आवणीला गावाला जातो, मंग माल कोन काढंल? ऑर्डरी पडून राहत्यात."

भाताच्या लावणीला ही माणसं दरवर्षी जायची, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "आता तू मला शिकवणार?"

त्यानं सर्व्हरवर थाप मारली. "ह्याला इचारा ना, भात कदी लावत्यात!"

मी खाडकन त्याच्या थोबाडीत दिली. त्यानं मला ढकललं, कपाटाच्या कोपऱ्यावर माझं कपाळ फुटलं. दोन वॉचमन धावत आले, त्याला जिन्यावरून खाली फरफटत नेलं आणि दांडक्यांनी बडवलं. डोकं वाचवायला त्यानं उजवा हात आडवा धरलेला मला वरून दिसत होता. हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला. मी "थांबा" म्हणालो नाही. उलट मला बरं वाटलं.

टाके घालून आल्यावर जुन्या फायली उघडल्या. आलेल्या ऑर्डरींऐवजी बाहेर गेलेल्या मालाचे आकडे मी भरले होते. ऑर्डरी तर जुलैतच जास्त होत्या. मालकांना चूक सांगितली. सगळ्यांना परत घेतलं, फक्त त्याला नाही, कारण त्यानं साहेबावर हात टाकला होता. पहिला हात कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

पुढच्या जुलैत माणसं आवणीला जाऊन आली. एकाला विचारलं, तो प्रेसवाला कसा आहे?

"बांधावर बसून ऱ्हातो," तो म्हणाला. "रोपं डाव्या हातात धरत्यात साहेब, पन लावाया उजवाच लागतो."