कच्चा श्वास

केरबा सोनकांबळे मुरुडच्या गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक दुष्काळी छावणीवर झाली. तिथे केवळाबाईंची म्हैस महिनाभर आधीच व्याली. रेडकू श्वास ओढायचं तेव्हा त्याच्या बरगड्या आत जायच्या.

"याची फुफ्फुसं गेली. आता न्हाई जगत," केवळाबाई म्हणाल्या.

केरबांनी छातीला कान लावला. "फुफ्फुसं ठीक हायती, मावशी. छाती-पोटामधला पडदा श्वास ओढतो, तो अजून कच्चा हाय. बरगड्या मऊ हायत, म्हणून त्याला लई जोर लागतो अन् तो दमतो. रोज श्वास घेऊनच तो तयार हुतो. तवर आपण त्याला दमू द्यायचं न्हाई."

त्यांनी रेडकाला कुशीवर पडू न देता दोन पोत्यांच्या आधाराने छातीवर बसवलं. उन्हाने धाप वाढू नये म्हणून सावलीत ओली तरटं बांधली. चीक एकदम न पाजता दर दोन तासांनी थोडा थोडा पाजला. कुणी त्याला उभं करायला गेलं, की केरबा हात धरून थांबवायचे.

नवव्या दिवशी बरगड्या आत जायच्या थांबल्या. तिसऱ्या आठवड्यात ते छावणीभर उधळू लागलं. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "कोणतं औषध दिलं?"

"औषध न्हाई, साहेब. वेळ दिला," केरबा म्हणाले. केवळाबाईंनी तोवर केरबांसाठी चहा आणला होता.