अल्बम संपेपर्यंत बोलायचं नाही

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसं दर रविवारी दुपारी त्याच खोलीत बसली, की ते आपोआप साचतात, आमच्याकडं कूलरच्या टाकीत क्षार साचतात तसे. वर्षाकाठी एकदा खरवडायचे, एवढंच काम.

चार माणसं म्हणजे आम्ही. देशपांडे सर, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. गारखेड्यातला फ्लॅट त्यांचा. इम्रान, त्याचं चष्म्याचं दुकान आहे. ज्ञानेश्वर, मूळचा पाचोडचा, बिडकीनच्या एका कंपनीत क्वालिटीला. आणि मी, एका सीएकडे लोकांचे रिटर्न भरतो. चौघंही गे आणि चौघांनाही गाण्याचं वेड. पैकी पहिली गोष्ट सोसायटीला माहीत नाही. दुसरी भिंतीपलीकडच्यांना नको तेवढी माहीत आहे.

नियम सरांचे. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचा. एकही गाणं गाळायचं नाही आणि संपेपर्यंत बोलायचं नाही. संपला की प्रत्येकानं एक नाव सांगायचं: हा आपण कोणासाठी ऐकला? मग चहा, आणि चहावर वाद, की हा अल्बम ‘आपला’ की ‘त्यांचा’. ‘आपला’ कशानं होतो, हे इतकी वर्षं ऐकूनही ठरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. हे किस्से ज्या वर्षीचे, त्या वर्षी ज्ञानेश्वरचे मामा त्याच्यासाठी जोरात मुली बघत होते, आणि त्यानं घरी काहीही सांगितलेलं नव्हतं. नाव सांगायची वेळ आली की तो दर रविवारी म्हणायचा, “कुणासाठीच नाय.” मग इम्रान बराच वेळ चहा ढवळत बसायचा. इम्रान चहात साखर घेत नाही.

*

सरांची स्वतःची एक थिअरी आहे. आपल्या अल्बमात बाईला दुःख पाहिजे, पण त्या दुःखाला इस्त्री पाहिजे!

मी एकदा एक अल्बम घेऊन गेलो. गाणारी बाई गुणी, आवाज खणखणीत, आठच्या आठ गाण्यांत हुंदके. मला वाटलं, सर विरघळणार. सर डोळे मिटून बसले होते. अल्बम संपला तसे उघडले.

“हिला दुःख फार आहे,” सर म्हणाले, “पण तयारी अजिबात नाही. अरे, नवरा सोडून गेला तर निदान लिपस्टिक तरी लावायची! तो वळून बघणार असेल तर?”

अल्बम ‘त्यांचा’ ठरला.

*

आवाजाची तक्रार गेली आणि सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः चौकशीला आले. सरांनी त्यांना “संगीत अभ्यास मंडळ” असं सांगून बसवून घेतलं. अल्बम नुकताच सुरू झाला होता, त्यामुळं आम्ही कोणीच बोलेना. सेक्रेटरींना वाटलं, हा गंभीर प्रकार दिसतो. तेही गप्प बसले.

तिसऱ्या गाण्याला त्यांनी रुमाल काढला. पाचव्याला तो भिजला. अल्बम संपल्यावर सरांनी रीतसर विचारलं, “कोणासाठी ऐकलंत?”

सेक्रेटरी उठले. चप्पल घातली. दारातून म्हणाले, “दर रविवारी असतं का हे?”

आवाजाची तक्रार पुन्हा आली नाही. उलट पार्किंगमध्ये इम्रानच्या गाडीला सावलीतली जागा मिळाली. इम्रान विचारत होता, “ये अपनेवाले हैं क्या?” सर म्हणाले, “नाही. रडायला पात्रता लागत नाही.”

*

एकदा माझा पुण्याचा मित्र आला. त्यानं एक परदेशी अल्बम आणला. कव्हरवर सगळे रंग, आणि आत एक तरुण मुलगा दुसऱ्या मुलावरचं प्रेम सरळ सरळ गातोय. आडपडदा नाही. मित्र म्हणाला, “हा तर शंभर टक्के आपला. चर्चाच नको.”

आम्ही ऐकला. सगळ्यांनी माना डोलावल्या. डोळे मात्र सगळ्यांचे कोरडे.

इम्रान शेवटी म्हणाला, “अच्छा है भाई. पण इसने तो सब बोल डाला! हमारे वास्ते क्या रक्खा?”

आम्ही हसलो. पुण्याचा मित्र जरा हिरमुसला. मला इम्रानचं पटलं होतं. आम्ही ज्या गाण्यांवर वाढलो, त्यांत आमचं नाव कुठंच नव्हतं. ते आम्हीच मनातल्या मनात घुसवायचो, आणि बिनातिकिटाचं आत शिरल्याची मजा वेगळी असते.

सर हसले नव्हते. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, “मी आज माझ्यासाठीच ऐकला. विशीतला जो मी होतो, त्याच्यासाठी. त्याला हा कोणीतरी द्यायला हवा होता रे.”

त्या दिवशी वाद झाला नाही. चहाही सरांना मीच करून दिला.

*

ज्ञानेश्वर कंपनीच्या बसनं जातो. एका सकाळी हेडफोन लावून त्यानं ‘आपल्या’तला एक अल्बम सुरू केला, आणि त्याचा फोन ब्लूटूथनं बसच्या स्पीकरला जोडला गेला. अख्ख्या बसमध्ये एक बाई टाहो फोडून विचारायला लागली, की मला एकटीला टाकून कुठं चाललास?

बंद करायला तो उठला, तर मागून आवाज आला, “ऱ्हाऊ दे की!” बिडकीन येईपर्यंत वेल्डिंगवाले, पॅकिंगवाले, सगळे माना हलवत होते. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, “ज्ञाना, बायको सोडून गेली का काय?”

“लगीन नाय झालं अजून.”

“मंग करून टाक लवकर! अशी गाणी ऐकायची येळच येत नाय.”

यावर बसमधल्या सगळ्या लग्न झालेल्यांनी ड्रायव्हरकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तो अल्बम परत लावायला लावला.

*

मामांनी शेवटी एक मुलगी पक्की करत आणली. ज्ञानेश्वर बघायला जाऊन आला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. आमच्यात येऊन म्हणाला, “मला आईशी बोलाया तोंडच नाय उघडत. पोरगी साधी हाय. तिचं वाटोळं होईल माझ्यापायी.”

तेव्हा या मंडळाच्या डोक्यातून जगातली सर्वात मूर्ख योजना निघाली. बोलता येत नाही ना? मग आईला अल्बमच पाठवायचा! असा निवडायचा, की ऐकता ऐकता माउलीला सगळं उमगेल. अनेक रविवार वाद झाला. शेवटी लपवलेल्या प्रेमाचा, ताटातुटीचा एक अल्बम एकमतानं ठरला. ज्ञानेश्वरनं तो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आई, नीट ऐक.’

दोन दिवसांनी फोन आला. ज्ञानेश्वरनं स्पीकरवर टाकला.

“लई चांगली गाणी हायत रे,” आई म्हणाली. “मामालाबी पाठवली. मामा म्हनला, हळदीला डीजेवर हीच लावू!”

*

आणि मग तो रविवार. येत्या गुरुवारी सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं. ज्ञानेश्वरची आई त्यासाठी शहरात खरेदीला आली होती. पोराला घेतलेला शर्ट अंगाला होतो का बघायला ती त्याच्या खोलीवर गेली, तिथं कुलूप दिसलं, तशी शेजाऱ्यांना पत्ता विचारत थेट सरांच्या फ्लॅटवर आली. आम्ही नुकतेच बसत होतो.

ज्ञानेश्वर पांढराफटक पडला. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शाळेत सांगावेत तसे नियम सांगितले. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होतो, की नाव सांगायचा नियम आज राहू द्या. सरांनी तोही सांगितला.

“मधी बोलायचं नाय व्हय?” ती म्हणाली. “मंग बरंय.” आणि पदर सावरून, शर्टाची पिशवी मांडीवर घेऊन बसली.

अल्बम इम्राननं आणलेला. दख्खनी बोलीतली जुनी गाणी, एका वयस्कर बाईच्या आवाजात. ढोलक आणि आवाज, बाकी काही नाही. ती माउली शेवटपर्यंत हलली नाही.

अल्बम संपला. कोणासाठी ऐकला, ते नाव आधी सरांनी सांगितलं, मग मी. मग ज्ञानेश्वरची पाळी आली. मला वाटलं, म्हणेल आता, ‘कुणासाठीच नाय.’

तो आईकडं न बघता म्हणाला, “इम्रानसाठी.”

इम्रानचा चेहरा मी बघू शकलो नाही. आई ज्ञानेश्वरकडं बघत राहिली, मग इम्रानकडं, मग परत ज्ञानेश्वरकडं. “व्हय?” तिनं विचारलं.

“व्हय.”

तिनं कमरेची पिशवी सोडून फोन काढला आणि भावाला लावला.

“दादा, गुरवारी सुपारी नाय फोडायची. त्यांना आजच सांग... नाय, पोरीत काय खोट नाय. पोरगी लई चांगली हाय, म्हनूनच म्हनते.” पलीकडून मामा बराच वेळ ओरडत होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

ज्ञानेश्वर लहान पोरासारखा रडायला लागला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि सरांकडं वळून म्हणाली, “गुरुजी, माझी पाळी ऱ्हायली ना?”

सर गडबडले. “हो, हो. सांगा ना. कोणासाठी ऐकलंत?”

“कमलसाठी,” ती म्हणाली. “माझं लगीन लागलं, तवा ती मांडवात आलीच नाय.”