नाना प्रवेशपरीक्षेला बसले त्याची गोष्ट

प्रा. तोताराम महाजन, म्हणजे आम्हा सर्वांचे नाना, पंचाहत्तर वर्षांचे झाले. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सांगितलं, "नानांनी तुम्हाला काय दिलं ते लिहा." खरं सांगायचं तर नानांनी मला मुख्यतः धक्के दिले. पहिला दिला तो ओळखीच्या दिवशीच.

मी भडगावची, नुकतीच बी.एस्सी. झालेली, आणि मला एम.ए. मराठी करायचं होतं. नाना तेव्हा रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आणि जळगावच्या आमच्या पदव्युत्तर केंद्राच्या प्रवेश समितीचे अध्यक्ष होते. माझ्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे भरताच्या वांग्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सर, पोरीचं तेवढं पहा." नानांनी पिशवीत डोकावून वांग्यांची मनापासून तारीफ केली आणि पिशवी उचलून वडिलांच्या हातात परत दिली. "दादा, दुसऱ्या शाखेतून येणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. ती पास होऊ द्या, मग मीच तुमच्याकडे भरीत खायला येतो." परतीच्या एसटीत वडील ती पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले.

ती परीक्षा नानांनीच भांडून आणली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी दुसऱ्या शाखेच्या पदवीधराला दारातूनच परत पाठवत. "कुठल्याही शाखेचा येऊ द्या, पण परीक्षा देऊन येऊ द्या," असा ठराव त्यांनी करून घेतला, म्हणून माझ्यासारखीला मराठीचा वर्ग दिसला. मी पास झाले आणि नाना खरोखरच भडगावला येऊन भरीत खाऊन गेले.

मी शिकत असतानाच दुसरा धक्का बसला. प्रवेशाचा शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. धुळ्याची बस गाठायची म्हणून कार्यालयातल्या मंडळींनी बरीच आधी आवराआवर सुरू केली. नाना खिडकीपाशी स्टूल ओढून स्वतः बसले. नरडाण्याची एक मुलगी, गाडी उशिरा आल्यामुळे, अगदी शेवटी धापा टाकत आली. नानांनी तिला आधी पाणी दिलं, मग प्रवेश दिला. पाच वाजले, खिडकी लागली, आणि मागोमाग नानांचा सख्खा भाचा आला. तो भावकीतल्या लग्नात अडकला होता. नानांनी खिडकी उघडली नाही. पोराचं वर्ष गेलं. त्या वर्षी अक्कांनी, म्हणजे नानांच्या थोरल्या बहिणीने, त्यांना राखी बांधली नाही.

"भाऊ, तुले मना पोऱ्या दिसना नही का?" अक्कांनी विचारलं.

"दिसना व अक्का. पन पाच वाजी गयथात."

हे सांगताना नाना अजूनही राखीच्या मनगटावरून हात फिरवतात. त्यांना वाईट वाटत नाही असं समजणाऱ्यांनी नानांना पाहिलेलंच नाही.

आता तिसरा धक्का, ज्यातून मी अजून सावरलेली नाही. मी त्याच केंद्रात मराठीची विभागप्रमुख आहे. गेल्या वर्षी एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेला वर्गांतून फिरत होते. एका वर्गात आमचे नवे पर्यवेक्षक शेवटच्या बाकाशी कुणाला तरी समजावत होते, "आबा, पालकांनी बाहेर बसायचं." आबांनी खिशातून प्रवेशपत्र काढून दाखवलं. ते नाना होते. नानांनी माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

परीक्षेनंतर मी त्यांना गाठलं. "नाना, हे काय मध्येच?"

"मध्येच नाही पोरी, पहिल्यापासून," ते म्हणाले. मग एकदम घरच्या बोलीत आले. "मले मराठीच शिकानं व्हतं. बाप म्हने, सायन्स ले."

निकाल लागला. नाना नापास. थोडक्यात राहिले, पण राहिले. बाहेरच्या परीक्षकांनी तपासलेली उत्तरपत्रिका मी पाहिली आणि कपाळाला हात लावला. कवितेचं रसग्रहण करा, या प्रश्नाखाली नानांनी क्रमाने लिहिलं होतं: कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सगळं नीटनेटकं आणि रेघा मारलेलं. प्रयोगशाळेत जन्म गेलेला माणूस दुसरं काय करणार?

विभागात जागा रिकाम्या होत्या. सहकारी म्हणाले, एवढा मोठा माणूस, सन्मानाने बसू द्या वर्गात. मलाही तेच वाटत होतं. मी नानांच्या घरी गेले आणि चाचरत विषय काढला. नाना एवढे संतापलेले मी कधी पाहिले नव्हते.

"माझ्या जागी तुझे वडील असते, तर मी घेतलं असतं?"

"नसतं घेतलं, नाना."

"मग मला कशाला कमी लेखतेस?"

आणि लगेच, संताप उतरायच्या आत, हात जोडून म्हणाले, "मॅडम, शिकवाल का मला?" जन्मभर 'पोरी' म्हणणाऱ्यांच्या तोंडून मॅडम ऐकून मला रडूच आलं.

तेव्हापासून नाना माझ्याकडे शिकायला येतात. सुरुवातीला दर कवितेखाली निष्कर्ष असायचाच. शेवटी मी चिडून म्हटलं, "नाना, निष्कर्ष राहू द्या. वाचून तुम्हाला काय वाटलं, तेवढं सांगा." नानांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "असं मला कुणी विचारलंच नाही कधी." त्या दिवशी त्यांनी एकच ओळ लिहिली: वाचताना आई आठवली. मी बरोबरची खूण केली, तर संशयाने विचारतात, "एवढंच? खरंच चालतं?"

पंचाहत्तरीच्या सत्कार समारंभानंतर थोड्याच दिवसांत यंदाची परीक्षा आहे. नाना पुन्हा बसणार आहेत. मी त्यांना शिकवते, म्हणून या वर्षीच्या प्रवेशाच्या कामातून मी बाजूला झाले आहे. तसं करायला नानांनीच लावलं. यंदाही ते राहिले तर काय, या विचाराने माझी झोप उडते, आणि ते मात्र मजेत वाचत बसलेले असतात.

दोन वर्षं रोज वर्गात यावं, मागच्या बाकावर बसून आम्हाला अडचणीचे प्रश्न विचारावेत आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं विचारत राहावेत, एवढं निरोगी आणि उदंड आयुष्य नानांना लाभो, असं मी देवाजवळ मागते. प्रवेश मात्र मागत नाही. नानांना कळलं, तर ते तो नाकारतील.