सहा ग्राइंडर अन् एक पांढरा दगड

नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घरामागं टिनाचं एक शेड आहे, आठ बाय दहाचं. त्याच्यात सहा बेंच ग्राइंडर आहेत. टेबलावर बोल्टनं कसलेली मोटर, अन् तिच्या दोन्ही बाजूंना गरगर फिरणारा एकेक दगड, एवढंच ते मशीन. रिटायर झालेल्या माणसाले असे सहा कायले लागतात, असं येणारा-जाणारा विचारते. माझं उत्तर पाठ आहे. हा जाड दगडाचा, लोखंड खरवडाले. हा बारीक दगडाचा, चाकू-कात्रीले. ह्याले तारेचा ब्रश, गंज काढाले. ह्याले कापडाचं चाक, पितळ चमकवाले. पाचवा हिरव्या दगडाचा, कडक हत्यारांसाठी. सहाव्यावर बोट गेलं की मी चहा घेता का विचारतो.

कारखान्यातला एक जुना सोबती मधूनमधून येते. तो दारातूनच ओरडते, "काय गा, दुसरी बायको करता नाही आली म्हणून ग्राइंडर करून राहिला का?"

बायको आतून बोलते, "हौ ना भाऊ, अन् ह्या सवतींची धूळ मलेच पुसा लागते."

सगळे हसतात. मीही हसतो. एका कामाले एक मशीन, माणूस शिस्तीचा आहे, असा लोकांचा समज आहे. तो मीच करून दिला. खरी गोष्ट अशी आहे की मले दगड बदलता येत नाही. म्हणजे हातानं येते, डोळे मिटून येते. कानानं येत नाही.

हे नीट सांगा लागते. ग्राइंडरचा दगड मिनिटाले अठ्ठावीसशे फेरे घेते. त्याच्यात केसाएवढी जरी तड असली तं चालू झाल्यावर तो फुटते, अन् तुकडे समोर उभ्या माणसाच्या तोंडावर येतात. ती तड डोळ्याले दिसत नाही. म्हणून कोणताही दगड मशीनवर चढवायच्या आधी वाजवून पाहा लागते. भोकात बोट घालून लटकवायचा, अन् स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं टिचकी माराची. चांगला दगड टण्ण म्हणते. तडकलेला बद्द वाजते, फुटक्या मडक्यासारखा. आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये, जिथं सगळी हत्यारं बनत अन् त्यांना धार लागे, आणखी एक नियम होता. दगड बद्द निघाला तं ज्याले ते ऐकू आलं त्यानंच तो हातोड्यानं तिथल्या तिथं फोडायचा. नाही तं कोणीतरी भंगारातून उचलून पुन्हा लावते.

तीस वर्षं त्या टूलरूममधले दगड माझ्याकडं आले. दुसऱ्या डिपार्टमेंटचेही आले. "जरा ऐकून द्या" म्हणत लोक लाईनीत उभे राहत. मी डोळे मिटायचो, टिचकी मारायचो, अन् माझा शब्द म्हणजे शेवटचा. हा कान मले बाबांकडून आला. बाबा हातमागावर लुगडी विणत. खटखट चालू असताना हजार तारांतली एक तार तुटली तरी त्यांचा हात आपोआप थांबे, डोळे दुसरीकडं असले तरी. मले त्यांचा माग नाही मिळाला, कान मिळाला, असं मी छाती फुगवून सांगायचो. फुगलेल्या छातीचं काय होते ते पुढं कळलंच.

तीन उन्हाळ्यांआधी माठ घ्याले गेलो. नागपूरच्या उन्हात फ्रिजचं पाणी कितीही प्या, तहान माठाशिवाय जात नाही. दरवर्षी आमचाच नाही, शेजारच्या दोन घरांचाही माठ मीच वाजवून आणायचो. त्या वर्षी आणला, भरला, अन् दुपारपर्यंत तिवईखाली तळं. बायको म्हणाली, "कानात बोळे घालून गेले होते का?" मी कुंभाराच्या सात पिढ्या काढल्या अन् तणतणत परत गेलो.

तो बिचारा शांत माणूस. त्यानं दोन माठ उचलले. एकाले टिचकी मारली. "हा चांगला, साहेब." दुसऱ्याले मारली. "अन् हा गेलेला. पाहा ना किती फरक आहे." मी पाहत होतो. त्याचं बोट दिसत होतं, माठ दिसत होते. आवाज दोन्हींचा एकच. ठक अन् ठक. उन्हात उभ्या उभ्या मले हुडहुडी भरली. "हौ हौ, समजलं," म्हटलं, अन् त्यानं दिला तो माठ उचलून निघालो.

घरी येऊन पहिले शेडात गेलो. खिळ्याले टांगलेले तीन जुने दगड काढले अन् एकेक वाजवला. तिन्ही ठक. तिन्ही दगड एकदम तडकत नसतात.

डॉक्टरकडं नाही गेलो. गेलो असतो तं कागदावर आलं असतं. बोलणं सगळं ऐकू येते मले, गाडीचा हॉर्न येते, शिव्या तं जास्तच येतात. फक्त वरचा, बारीक, किणकिणता आवाज गेला. कुकरच्या शिट्ट्या मोजाचं काम माझ्याकडं होतं, ते बायकोनं दोन वेळा डाळीचा पार गाळ झाल्यावर काढून घेतलं. तिले वाटलं माझं लक्ष नसते. मी म्हटलं, बरं झालं, तेच वाटू दे.

पण दगड झिजतात. झिजून लहान झाला की बदला लागते, बदलाचा म्हटलं की वाजवा लागते. कोणाले सांगू? ज्याच्याकडं अख्खा कारखाना दगड घेऊन यायचा, त्यानं कोणापुढं दगड धरायचा अन् म्हणायचं, ऐकून दे गा? मेलो असतो तरी नसतं म्हटलं. मग मी नवीन ग्राइंडर आणला. नव्या मशीनवर दगड लागलेलाच येते. तोही उतरवून वाजवाचा असते हे मले चांगलं माहीत होतं. "कंपनीनं वाजवला असेल ना," एवढं एक वाक्य बोलला म्हणून मी एका चांगल्या फिटरले टूलरूमच्या बाहेर काढलं होतं. आता तेच वाक्य मी रोज मनातल्या मनात म्हणत होतो. नवं मशीन आणलं की चालू करायचं अन् पाच मिनिटं बाजूच्या भिंतीले पाठ लावून उभं राहाचं, श्वास धरून. नाही फुटला तं कामाले घ्याचा.

असा दुसरा आला, तिसरा आला. दगड झिजलेलं मशीन काढूनही टाकता येईना, कारण कोणीही म्हटलं असतं, अरे नुसता दगड बदल ना. मग त्याले ब्रश लाव, कापडाचं चाक लाव, अन् एका कामाले एक मशीन ही गोष्ट सांग. शेड भरत गेलं. दार आता अर्धंच उघडते. मी माझ्याच शेडात आडवा होऊन शिरतो, पोट आत ओढून. उन्हाळ्यात तिथं टिनाखाली उभं राहिलं की वाटते, हे आपणच बांधलं आहे, भिंत भिंत करून, अन् दार ठेवाचं विसरलो.

मागच्या वर्षी पोरगी पुण्याहून परत आली. तिचं ऑफिसचं काम लॅपटॉपवर, वरच्या खोलीतून. उरलेल्या वेळात तिनं लाकूड काताचा नाद लावून घेतला. वऱ्हांड्यात छोटं लेथ बसवलं अन् लाटणी, भोवरे, वाट्या कातू लागली. हात चांगला आहे तिचा, बापाले खोटं कायले बोला लागते. तिच्या पटाशांना मी धार लावून द्यायचो. मग म्हणाली, "बाबा, मलेच शिकवा." शिकवत होतो. एक दिवस इतवारीच्या बाजारातून पांढरा दगड घेऊन आली, पेपरात गुंडाळून, स्कूटीवर पायाशी ठेवून. ह्या पटाशीच्या पोलादाले पांढराच दगड लागते, हे तिनंच शोधून काढलं होतं.

"वाजवून द्या ना," म्हणाली. "खांडेनवमीले तुम्ही मले कारखान्यात नेत होते. पूजा झाल्यावर दगड वाजवून दाखवत होते. आठवते ना?"

आठवत नाही कसं? त्या दिवशी मशीनं बंद असत, झेंडूची फुलं वाहिलेली, अन् ही फ्रॉकातली पोरगी टण्ण झालं की टाळ्या पिटायची. आता तीच समोर उभी होती, डोळे माझ्या तोंडावर. मी दगड बोटात लटकवला. टिचकी मारली. ठक. फिरवून मारली. ठक.

"टण्ण आहे," मी म्हटलं.

एवढं खोटं मी आयुष्यात नाही बोललो. अन् बोललो तं पोटच्या पोरीशी, जिचं तोंड त्या दगडापुढं येणार होतं. त्या दिवसापासून माझं जेवण गेलं. दगड लावून देत नव्हतो, अन् का नाही ते सांगत नव्हतो. पहिले म्हटलं वायसर बरोबर नाही. मग म्हटलं व्होल्टेज कमी आहे. एक दिवस तं म्हटलं आज अमावस्या, नवा दगड चढवत नसतात. बायको हातातली कणीक तशीच धरून पाहत राहिली. "तुम्ही कधीपासून अमावस्या पाळाले लागले?"

शेवटी मी सहावा ग्राइंडर आणला, पांढरा दगड लागलेला. ऑटोतून उतरवला अन् पोरीले म्हटलं, घे, तुझ्यासाठी. मले वाटलं सुटलो.

ती मशीनकडं पाहतही नव्हती. "माझा दगड काहून नाही लावून राहिले तुम्ही?"

"हा तयारच आहे ना वं."

"नाही बाबा. खरं सांगा. पोरीच्या जातीनं मशीनवर उभं राहू नये, असंच ना? पोरगा असता तं आठ दिवस लागले नसते."

काय सांगू, त्या क्षणी मले बरं वाटलं. लाज वाटते लिहाले, पण वाटलं. बहिऱ्या बापापेक्षा जुन्या वळणाचा बाप परवडला. मी गप्प राहिलो. तिनं माझ्या गप्प राहण्याचा जो अर्थ लावला तो लावला, अन् दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं तरी न बोलता. मी तिच्या नजरेतून उतरलो होतो, अन् वर चढाची शिडी मीच ओढून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी घेऊन आलो तं शेडाचं दार अर्धं उघडं. आत ती होती. तिनं जुन्या मशीनवर आपला दगड स्वतःच चढवला होता. नट कसलेला, गार्ड लावलेला, सगळं मी शिकवलं तसं. डोळ्याले चष्मा. तोंड बरोबर दगडासमोर. बोट बटनावर.

मी पिशवी टाकली अन् धावलो. धावलो कुठं! पहिल्या मशीनले कंबर आपटली, दुसऱ्याच्या टेबलात सदरा अडकला. दोन पावलांवर पोरगी, अन् मधात माझेच ग्राइंडर. हात पोहोचेना. मग तोंडातून निघालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल, "थांब! हात काढ! हात काढ त्याच्यावरून!"

तिनं हात काढला. वळली ती रागानं लाल. "काय झालं? तुम्हीच तं म्हटलं टण्ण आहे!"

"मले ऐकू नाही आलं वं माय," मी म्हटलं. "मले ऐकूच येत नाही. तीन वर्षं झाले. मी खोटं बोललो."

तिनं चष्मा डोक्यावर केला. माझ्या सदऱ्याचा कोपरा टेबलाच्या खिळ्यातून सोडवला. मग एकेका ग्राइंडरकडं पाहत गेली, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, अन् तिचा चेहरा बदलत गेला. पोरगी हुशार आहे, मले पुढं काही सांगा लागलं नाही. प्लग काढला, नट सोडला, दगड उतरवला. भोकात बोट घातलं अन् म्हणाली, "कुठं मारू?"

"कडेपासून दोन बोटं आत. हळू. मग थोडा फिरव अन् पुन्हा मार."

तिनं मारली. मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. मान हलली, म्हणजे बरोबर. फिरवलं, मारली. मान हलली. तिसऱ्यांदा मारली अन् तिच्या भुवया जवळ आल्या. पुन्हा तिथंच मारली.

"बाबा," ती म्हणाली, "इथं बद्द वाजून राहिलं."

मी सहाव्या मशीनच्या खोक्यावर बसलो. तीही खाली बसली, दगड मांडीवर घेऊन. वरून पांढराशुभ्र, एक ओरखडा नाही. मग ती उठली, भिंतीवरचा हातोडा काढला अन् माझ्यापुढं धरला.

मी घेतला नाही. "ज्याले ऐकू आलं त्यानंच फोडा लागते," म्हटलं.

तिनं दगड बाहेर फरशीवर ठेवला अन् एका घावात त्याचे तुकडे केले. तो आवाज मले चांगला ऐकू आला.

"काय फुटलं वं?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

हातोडा हातात घेऊन पोरगी माझ्याकडं पाहत राहिली. मी खोक्यावरून उठलो, आडवा होऊन दारातून निघालो, अन् बायकोले सांगाले आत गेलो.