अक्कासाठी सागाची फळी

पुण्याहून निघाले तेव्हा पिशवीत कपड्यांचे दोन जोड होते आणि मोजमापाची टेप. माझी मोठी बहीण, अक्का, मुक्ताईनगरजवळच्या गावी एकटी राहते. 'माझ्याकडे कायमची ये,' म्हणून तीन वर्षं विनवत होते. शेवटी फोनवर म्हणाली, "तुझ्या घरात झोका बांधशील तर येईन." तिच्याकडचा झोका भाऊजी गेले त्याच वर्षी मोडला होता. म्हटलं, लाकूड खानदेशातलंच घ्यावं आणि येताना तिलाही घेऊन यावं.

धुळ्याला बस बदलून शिरपूरला उतरले. समोर सातपुड्याची निळसर रेघ. वखारीत नाना म्हणून म्हातारे सुतार होते. मला काळसर शिसम आवडलं. त्यांनी मान हलवली.

"सिसम भारी शे (जड आहे), ताई. आंबानं लाकूड वाकी जास (आंब्याचं वाकतं). तुम्ही सागच ल्या (घ्या)."

एकेक फळी उभी करून ते बोटांनी वाजवत गेले. एकीत नेमकी कडीचं भोक पडणार तिथेच गाठ निघाली. ती बाजूला सारत म्हणाले, "गाठ जठे, तठेच लाकूड फुटस." (जिथे गाठ, तिथेच फुटतं.) शेवटी सरळ रेषांची, तपकिरी गाभ्याची फळी निघाली. मी तिच्यावर बसून पाहिलं. जराही वाकली नाही.

"दरवाजाच घेऊन चालल्या का, ताई?" बसमध्ये कंडक्टर कुरकुरला, पण फळी मागच्या सीटमागे त्यानंच सरकवून दिली. चोपड्यापुढे दोन्ही अंगांनी केळीच केळी. जळगावला पुन्हा चढउतार झाली आणि एक कोपरा खरचटला.

गावी पोचले तेव्हा अक्कानं त्या कोपऱ्यावरूनच हात फिरवला. "लाकूड बेस आनलं व, शालू." मग वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. सकाळी मी तिची पेटी भरायला काढली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी नई येत व. झोक्याचं म्हटलं, तं वाटलं तू इचारनं सोडशील."

मी पेटी तशीच खाली ठेवली.

"इथं दारावरून जानारा मले हाक मारतो. तिथं कोन मारील?"

"मी मारीन."

तिनं माझा हात धरला.

गावातल्या सुताराला बोलावून मी ती फळी तिच्याच ओसरीत टांगली. माझ्या बसची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी झोके घेत होतो.

आता संध्याकाळी तिचा फोन येतो. पलीकडे कड्या करकरतात. लाकूड निवडायला नानांनी शिकवलं. माणूस कुठे रुजलाय हे वाजवून कळत नाही. अक्का बोलत राहते, आणि मी ऐकता ऐकता सोफ्यावर जरा सरकून तिच्यापुरती जागा करते.