अर्धा कप कोरा चहा

लेक दुसरीत असताना तिच्या पुढच्या नव्या दातावर पांढरा डाग दिसला, खडू लागल्यासारखा. घासला तरी जाईना. वाशीत आमच्या सोसायटीखालीच दातांचे एक म्हातारे डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडे नेलं. ते म्हणाले, ही किडीची सुरुवात आहे, पण अजून भोक पडलेलं नाही, दात आपला आपण भरून येऊ शकतो. गोळ्या-बिस्किटं बंद करा, फ्लोराइडची पेस्ट आणा आणि खाण्यातूनही थोडं फ्लोराइड मिळू द्या. त्यासाठी त्यांनी काट्यासकट खायची बारीक सुकी मासळी सांगितली. आम्ही पडलो साताऱ्याकडचे माळकरी. मग म्हणाले, "जेवणानंतर अर्धा कप कोरा चहा द्या, बिनसाखरेचा. चहाच्या पानात फ्लोराइड असतं."

चहा? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आमच्याकडे पोरींना चहा देत नाहीत, चहानं काळं होतं म्हणतात. आणि माझी लेक आधीच सावळी, बापावर गेलेली. बाळ बघायला आलेल्या बायका 'नाकीडोळी नीटस आहे हो' म्हणाल्या होत्या, त्याचा अर्थ मला बरोब्बर कळला होता. ती रांगत होती तेव्हापासून मला तिच्या लग्नाचा घोर. दाताचं काय, तोंड मिटलं की दिसत नाही, रंग कुठे लपवणार? मोठी शहाणी ना मी!

पेस्ट आणली. चहा काही दिला नाही. नवरा रबाळ्याच्या कारखान्यातून आला की मी चहा टाकायचे, तेव्हा ती आपली छोटी कपबशी घेऊन ओट्याशी येऊन उभी राहायची. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायची. मी म्हणायचे, काळी ढुस्स होशील, मग कोण करून घेणार तुला? आणि तिच्या कपात दूध ओतायचे, वर दोन चमचे साखर. गोरी व्हावी म्हणून. दे की घोटभर, असं नवरा एकदा म्हणाला, तर त्यालाही गप्प बसवलं.

सहा महिन्यांत डाग तपकिरी झाला. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, चहा पितेस ना रोज? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली. आठ वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी मेली पर्स सावरत उभी राहिले. डॉक्टर बुचकळ्यात पडले. नुसत्या चहानं दात वाचला असता की नाही, देव जाणे. पण सांगितलेलं मी केलं नाही, उलट रोज साखर पाजली, एवढं खरं. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तरी वेळ गेली नव्हती. नाही उघडलं.

चौथीत तिचा गाल सुजला, आत पू झाला. दात काढावा लागला. दुधाचा नव्हे, पक्का दात, पुन्हा न येणारा. ती रडली नाही. घरी जाताना जिन्यात, कापसाचा बोळा दाताखाली धरून तिनं विचारलं,

"आई, पण मी गोरी झाले ना?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. ती बिचारी आपल्या फ्रॉकनं माझे डोळे पुसत राहिली आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की आई, दुखत नाहीये गं मला.